आठ बाय सहाची खोली आणि तीन हायड्रोपोनिक संच

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या मागे आठ बाय सहा फुटांची एक खोली आहे. बिल्डरच्या नकाशात तिचे नाव ‘स्टोअर’ असे होते आणि दहा वर्षे तिने ते नाव इमानाने सार्थ केले. तिला एकच खिडकी आहे, तीही डक्टमध्ये उघडणारी, त्यामुळे ऊन तिथे फिरकतही नाही. गेल्या दीड वर्षात या खोलीत मी मातीविना पालेभाजी पिकवण्याचे तीन प्रकारचे संच लावून पाहिले: पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवणारा न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक म्हणजे एनएफटी संच, मुळे हवा सोडलेल्या पाण्यात बुडवून ठेवणारा डीप वॉटर कल्चर म्हणजे डीडब्ल्यूसी, आणि ज्यात पंपच नसतो असा क्रॅटकी पद्धतीचा डबा. हे परीक्षण या तीन प्रकारांचे आहे, एखाद्या कंपनीचे नाही. बाजारात मिळणारे बहुतेक घरगुती संच हे याच प्रकारांचे वेगवेगळ्या रंगांतले अवतार असतात, आणि आतले पाईप, पंप व जाळीच्या कुंड्या बाहेर काढून ठेवल्या तर कोणती कोणाची हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

माझी पहिली खरेदी, म्हणजे एनएफटी संच, चुकली आणि ती का चुकली हे सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. जाहिरातीत ‘३६ रोपे, जागा फक्त तीन बाय दीड फूट’ असे लिहिले होते. मी भोके मोजली, छत्तीसला नऊ हजार पाचशे म्हणजे भोकाला अडीचशे-पावणेतीनशे रुपये असा हिशेब केला आणि पैसे भरले. वीज गेल्यावर संच किती वेळ तग धरतो, मे महिन्यात टाकीतले पाणी किती तापते, आणि रोज किती मिनिटे त्याच्यापाशी उभे राहावे लागते, हे तीन प्रश्न मी विचारलेच नाहीत. आज कोणी मला संच दाखवला तर भोके मी सर्वांत शेवटी मोजतो.

एनएफटी ही पद्धत १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये लिटलहॅम्प्टन येथील संशोधन संस्थेत ॲलन कूपर यांनी विकसित केली. उताराच्या पन्हळीतून पोषक द्रावणाचा अगदी पातळ थर वाहतो, मुळांचा खालचा पदर त्यात भिजतो आणि वरचा पदर ओलसर हवेत राहून श्वास घेतो. पन्हळीला साधारण १ ते ३ टक्के उतार आणि दर मिनिटाला १ ते २ लिटर प्रवाह एवढे जमले की लेट्यूससारख्या पिकाला याहून चांगली सोय नाही. माझ्या घरातही पहिली लेट्यूसची खेप पस्तीस दिवसांत काढणीला आली होती, आणि पाने इतकी कुरकुरीत होती की सोसायटीत मी ती आग्रहाने वाटली.

मात्र यातला ‘पातळ थर’ हा शब्द महत्त्वाचा आहे आणि घरगुती संच बनवणारे नेमके तिथेच हात आखडता घेतात. थर पातळ राहायचा तर पन्हळीचा तळ सपाट हवा. मला मिळालेला संच तीन इंची गोल पीव्हीसी पाईपचा होता. गोल पाईपच्या तळाशी पाणी पसरत नाही, मधोमध अरुंद ओहोळासारखे धावते. त्यामुळे रोप लहान असताना त्याची मुळे पाण्यापर्यंत पोचत नाहीत आणि मोठे झाले की तीच मुळे तो ओहोळ अडवतात. चौकोनी, सपाट तळाची यूपीव्हीसी पन्हळ मिळते, ती महाग असते, पण एनएफटी घ्यायचाच असेल तर तिच्याखेरीज घेऊ नये. गोल पाईप घेताना आणखी एक चौकशी करावी. पीव्हीसी पाईप बनवताना पूर्वी शिशाचे संयुग स्थिरकारक म्हणून सर्रास वापरले जात असे. केंद्र सरकारने त्याबाबत २०२१ मध्ये नियम केले. त्यामुळे खाण्याच्या भाजीसाठी भंगारातले किंवा जुन्या साठ्यातले पाईप कापून संच करण्याचा मोह टाळलेला बरा.

माझा संच दोन वेळा फसला, दोन्ही वेळा वेगवेगळ्या कारणाने. पहिल्यांदा हौसेने मी एका पाईपमध्ये पुदिना लावला होता. पुदिन्याची मुळे म्हणजे नुसता काथ्या. दीड महिन्यात त्यांनी पाईप शेवटच्या भोकापर्यंत ठासून भरला, पाण्याने उलटी वाट धरली आणि रात्रभर ते वरच्या भोकातून फरशीवर गळत राहिले. सकाळी सात वाजता खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. “अहो, तुमच्याकडे नळ चालू राहिलाय का? आमच्या देवघराच्या भिंतीला ओल आलीय,” असे त्या म्हणाल्या आणि मला त्यांना पुदिन्याची गोष्ट समजावून सांगावी लागली. संच विकणाऱ्याला फोन केला तेव्हा, पाईपची वॉरंटी आहे पण मुळांची नाही, असे उत्तर मिळाले. तांत्रिकदृष्ट्या त्याचे खरे होते, पण पुदिना लावू नका हे पत्रकात एका ओळीत छापायला त्याचे काय गेले असते?

दुसरी वेळ गुरुवारची. आमच्या भागात देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, आणि त्या गुरुवारी ती सकाळी दहा ते सायंकाळी पाच गेली. एप्रिल महिना होता, मी कामावर होतो. एनएफटीच्या पाईपमध्ये साठा नावाची गोष्टच नसते. पंप थांबला की दहा-पंधरा मिनिटांत पाणी टाकीत उतरते आणि मुळांपाशी उरतो तो फक्त ओलावा. मी घरी आलो तेव्हा छत्तीसपैकी तीस रोपे धुतलेल्या फडक्यासारखी पाईपच्या कडेवर लोंबत होती. पाणी पुन्हा सुरू केल्यावर निम्मी सावरली, पण त्यांची पाने पुढे कडवट आणि वाढ खुरटी झाली. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी पंप त्यावर जोडावा. असा पंप जेमतेम १८-२० वॅटचा असतो, कूलरच्या पंपाएवढा, त्यामुळे बॅटरीवर ताण येत नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही आणि दिवसा घरात कोणी नसते, त्यांना मी एनएफटीची शिफारस करणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

आता डीडब्ल्यूसीविषयी, कारण खोलीत आज मुख्यतः तोच उरला आहे. ५० लिटरचा अपारदर्शक, झाकणाचा क्रेट, झाकणाला आठ भोके, दोन इंची जाळीच्या कुंड्या, क्ले बॉल्स म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्या, माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप आणि हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे दोन एअर स्टोन, एवढ्यात हा संच होतो. तयार घेतला तर अडीच-तीन हजार पडतात, सामान जमवून केला तर निम्म्यात भागते. यात चाळीस लिटर द्रावण असते, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. रोपांनी पाणी ओढले, खताचे प्रमाण थोडे हलले, दोन दिवस तुमचे लक्ष गेले नाही, तरी चाळीस लिटरमध्ये तो फरक हळूहळू पडतो. वीज गेली तर हवा थांबते, पण मुळे पाण्यातच असतात. माझ्याकडे सात तासांच्या खंडानंतरही एक पान कोमेजले नाही. त्यासाठी पाण्याची पातळी कुंडीच्या तळाखाली दोन-तीन सेंटीमीटर ठेवावी, म्हणजे वरची काही मुळे हवेत राहतात.

याचा शत्रू म्हणजे पुण्याचा मे महिना. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच; म्हणजे मुळांना श्वासाची गरज वाढते तेव्हाच पाण्यातली हवा कमी होते. द्रावण १८ ते २२ अंशांवर ठेवावे असे सगळीकडे छापलेले असते. माझ्या खोलीत पहिल्या उन्हाळ्यात दुपारी चार वाजता ते ३१ अंश होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाकण उचलले आणि नाकावर साचलेल्या गटारीचा वास आला. शुभ्र, शेवयांसारखी असणारी मुळे चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली होती, आणि चिमटीत धरून ओढली तर वरची साल हातात येऊन आतला धागा तेवढा शिल्लक राहत होता. पिथियममुळे होणाऱ्या मूळकुजीची ही ठरलेली खूण आहे. एकदा ती इथवर आली की औषधाच्या मागे लागू नये. रोपे काढावीत, क्रेट, पाईप आणि स्टोन ब्लीचच्या पाण्याने धुवावेत आणि नव्याने सुरुवात करावी.

पाणी थंड ठेवण्यासाठी चिलर मिळतो, पण एका खोलीच्या पालेभाजीसाठी त्याची किंमत हास्यास्पद वाटते. मी आधी फ्रीजरमधल्या बाटल्या सोडून पाहिल्या. एक लिटर बर्फ चाळीस लिटर पाणी सुमारे अडीच अंशांनी उतरवतो, हे गणिताने आणि थर्मामीटरने दोन्हीकडून पटले. पण संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा मूळपदावर येते आणि घरातली मंडळी फ्रीजरवरून कुरकुर करू लागतात. शेवटी जे चालले ते आजीच्या माठाचे तंत्र होते. क्रेटभोवती ओले गोणपाट गुंडाळले, त्याचे टोक पाण्याच्या परातीत सोडले आणि समोर छोटा पंखा लावला. कोरड्या मे महिन्यात पाणी ३१ वरून २७ पर्यंत उतरले. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने हा उपाय निकामी ठरतो, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही. शिवाय मे-जूनमध्ये लेट्यूसचा हट्ट सोडून मी तुळशीच्या जातीचे बेसिल आणि आपला पालक लावतो, त्यांना २७ अंश सोसतात.

हवेच्या पंपाचा आवाज ही डीडब्ल्यूसीची दुसरी तक्रार. दिवसा तो ऐकूही येत नाही, रात्री मात्र पलीकडच्या खोलीत झोपलेल्याला भुंगा अडकल्यासारखा वाटतो. फळीवर ठेवलेला पंप दोरीने टांगला की निम्मा आवाज जातो. आणि पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे पंपात शिरते. नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी छोटी झडप, बसवला तर ही काळजीही मिटते.

क्रॅटकी पद्धत हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाते. डबा पोषक द्रावणाने भरायचा, रोप लावायचे आणि त्याच्या वाटेला जायचे नाही. रोप पाणी पीत जाते तशी पातळी उतरते, मधली मोकळी जागा ओलसर हवेने भरते आणि त्या जागेतली मुळे हवा घेऊ लागतात. लेट्यूसच्या एका रोपाला लावणीपासून काढणीपर्यंत सुमारे चार लिटर द्रावण पुरते, म्हणून पाच लिटरची बरणी एका रोपाला अगदी बेताची आहे. इथे नवशिके हमखास करतात ती चूक म्हणजे अर्धी रिकामी झालेली बरणी मायेने पुन्हा काठोकाठ भरणे; असे केल्यास हवेला सरावलेली मुळे बुडतात आणि रोप दोन दिवसांत मान टाकते. यंत्राविना मातीविना शेती ही कल्पना आपल्याकडेही नवी नाही: १९४६ मध्ये जेम्स शोल्टो डग्लस यांनी बंगालमधल्या कलिंपोंगमध्ये केलेल्या प्रयोगांतून ‘बंगाल पद्धत’ उभी राहिली, ती महागड्या उपकरणांना फाटा देण्यासाठीच.

ज्यांना आपल्याला हा छंद झेपेल की नाही याचीच खात्री नाही, त्यांनी क्रॅटकीच्या चार बरण्यांनी सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पाचशे रुपयांत उत्तर मिळते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. बरणी काळ्या आणि वरून पांढऱ्या कागदाने पूर्ण झाकावी, नाहीतर आठवड्यात शेवाळ धरते. आणि झाकणाची फट बंद असावी, कारण साचलेले पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी अळ्या तपासायला घरी येतात, तेव्हा कुंडीखालच्या ताटल्यांबरोबर या बरण्याही त्यांना उघडून दाखवाव्या लागतात. फ्लोरा (वनस्पती) नव्हे तर फॉना (प्राणी) सापडला तर मान खाली जाते.

संच कोणताही असो, बंद खोलीत खरा खर्च दिव्याचा असतो, आणि फसवणूकही तिथेच अधिक होते. ‘१००० वॅट’ असे खोक्यावर ठळक छापलेला दिवा मी प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर मोजला तेव्हा तो ९६ वॅट घेत होता. हा आकडा दिव्याच्या तुलनेसाठीचा आहे, असा खुलासा खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत होता. म्हणून दिवा घेताना प्रत्यक्ष वॅट आणि प्रति ज्यूल किती मायक्रोमोल प्रकाश मिळतो, म्हणजे खर्चलेल्या विजेच्या मानाने रोपांना किती उजेड मिळतो, एवढेच विचारावे; २.५ च्या आसपासचा दिवा चांगला. असा १०० वॅटचा पांढरा एलईडी चार बाय तीन फुटांना पुरतो आणि १६ तास चालवला तर पालेभाजीची दिवसाची गरज भागते. हिशेब सरळ आहे: रोज १.६ युनिट, महिन्याला ४८. घरगुती वीजबिलाचे दर टप्प्यांनी चढतात, त्यामुळे तुमचा मूळ वापर अडीचशे युनिटच्या पुढे असेल तर हे ४८ युनिट तुम्हाला ३०० च्या वरच्या टप्प्यात ढकलू शकतात. ते गणित आधी मांडावे. जांभळ्या प्रकाशाचे दिवे पीक वाढवतात, पण त्या उजेडात पान पिवळे पडले आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, आणि रोग उशिरा दिसतो.

पाणी आणि खत यांविषयी विक्रेते फार थोडे बोलतात. आमच्या नळाला धरणाचे पाणी येते तेव्हा विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ११० च्या आसपास दाखवतो, आणि उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते तेव्हा तोच ७०० च्या वर जातो. टँकरच्या जड पाण्यात पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, खाली टिकतच नाही. सकाळी ६ या आकड्यावर आणून ठेवलेला पीएच रात्रीपर्यंत ७ या आकड्याच्या पुढे गेलेला असतो. पालेभाजीला ५.५ ते ६.५ हवा. तो उतरवायला फॉस्फोरिक आम्लाचे पातळ द्रावण वापरावे. लिंबू किंवा सायट्रिक आम्लाने उतरलेला पीएच दोन दिवसांत पुन्हा चढतो, कारण सूक्ष्मजीव ते आम्ल खाऊन टाकतात. टँकरच्या महिन्यांत मी निम्मे आरओचे पाणी मिसळतो.

संचाबरोबर आलेले खत संपल्यावर अनेकजण कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ आणतात. पाण्यात ते झकास विरघळते, पण त्यातल्या नत्राचा बराचसा भाग युरियाच्या रूपात असतो आणि त्याचे रूपांतर करणारे जिवाणू मातीत असतात तसे बादलीत नसतात. हायड्रोपोनिकसाठीचे ए आणि बी असे दोन भागांतले खतच घ्यावे. दोन्ही भाग वेगळे असण्याचे कारण व्यापारी नाही: एकात कॅल्शियम नायट्रेट असते, दुसऱ्यात सल्फेट आणि फॉस्फेट. ती दाट अवस्थेत एकत्र केली तर पांढरा गाळ बसतो आणि अन्नद्रव्ये त्या गाळातच राहतात. आधी ए पाण्यात ढवळावे, मग बी. ईसी, म्हणजे द्रावणात खत किती आहे हे दाखवणारी विद्युतवाहकता, लेट्यूसला ०.८ ते १.२, बेसिलला १ ते १.६ पुरतो. पालकाबाबत छापील तक्ते जपून वापरावेत. ते विलायती स्पिनॅचचे असतात, आणि आपल्या बाजारात मिळणारा पालक बहुधा बीटचाच एक प्रकार, निराळाच असतो. उकाड्यात स्पिनॅचचे बी रुसते, आपला पालक रुसत नाही.

मीटर विकत घेताना तो ईसी दाखवतो की पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग क्षार), आणि पीपीएम असेल तर ५०० च्या पट्टीवर की ७०० च्या, हे पाहून घ्यावे. १.२ ईसी एका मीटरवर ६०० दिसतो, दुसऱ्यावर ८४०. मित्राने फोनवर सांगितलेला आकडा मी माझ्या मीटरवर लावला आणि आठवडाभर रोपांना उपाशी ठेवले. पीएच मीटरची काचेची गोळी साठवणीच्या द्रावणात ओली ठेवावी लागते. माझा पहिला मीटर कोरडा पडला आणि मग ताकापासून साबणाच्या पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला ७.२ म्हणू लागला.

जुलैमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. हवा दमट असली की पाने पाणी कमी उत्सर्जित करतात, कॅल्शियम कोवळ्या पानांच्या कडेपर्यंत चढत नाही आणि लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपतात. मी खत वाढवत बसलो; खरा उपाय दिवसभर मंद चालणारा छोटा पंखा हा होता. तेव्हा संचाच्या अंदाजपत्रकात पंख्याचे सात-आठशे रुपये पहिल्या दिवसापासून धरावेत.

सध्या खोलीत डीडब्ल्यूसीचे दोन क्रेट आणि क्रॅटकीच्या सहा बरण्या आहेत. एकूण बावीस रोपे, म्हणजे जाहिरातीतल्या छत्तीसपेक्षा चौदा कमी. रोज सकाळी चहा उकळेपर्यंतचा वेळ आणि रविवारचा अर्धा तास एवढे त्यांना लागते. पुदिना बाल्कनीत, मातीच्या कुंडीत गेला आणि तिथे खूष आहे. एनएफटीच्या पाईपांना अजून गिऱ्हाईक मिळालेले नाही, मात्र त्याचा लोखंडी सांगाडा भक्कम निघाला. दोन्ही दिवे मी त्यावरच टांगले आहेत.